विमानातलं पहिलं नको

अगं पोरी, ये, अशी जवळ येऊन बस. मनानंच बस, कारण पायानं काही तू येत नाहीस. चाकणहून पिंपळे सौदागर म्हणजे काय सातासमुद्रापार आहे का? मोशीला गाड्या तुंबतात हे मला मान्य, पण तुंबलेल्या गाड्यासुद्धा शेवटी कुठंतरी पोचतातच. तू मात्र कंपनीच्या बसची वाट बघता बघता फोन करतेस, "मावशी, पटकन सांग, अमेरिकेच्या विमानांची सर्विस चांगली का बाहेरच्या देशांच्या?" मी घसा साफ करते तोवर तुझी बस येते. असले प्रश्न उभ्या उभ्या विचारू नयेत बाई.

प्रश्न तसा छोटा नाही. तुझी आई तुझ्या बहिणीच्या बाळंतपणाला आधीच तिकडं जाऊन बसलीय. आता दाजी, म्हणजे तुझे वडील, मागून जाणार, तेही एकटे. त्यांनाही तुझ्या काकांसारखी साखर, पोटात सुई टोचल्याशिवाय घास नाही. म्हणून सगळं लिहून काढते. माझं लिहिणं म्हणजे पाट्या आणि पुड्यांचे कागद वाचून शिकलेलं, तेव्हा वेलांट्या बघू नकोस, मजकूर बघ.

आम्ही पोराकडं गेलो तेव्हाची गोष्ट. तुझ्या काकांची खोड तुला ठाऊकच आहे. कुणी काही पुढं केलं की पहिल्यांदा "नको". पोटात कावळे ओरडत असले तरी "नको". दुसऱ्यांदा कुणी म्हणालं तर "बरं, अर्धा कप द्या", आणि तिसऱ्यांदा ताट स्वतःच ओढून घेतात. आमच्या गावाकडं ही खोड समजतच नाहीत, रीत समजतात. एका बोलावण्यात पाटावर बसणारा माणूस हावरा. जन्मभर कारखान्यात प्रेस मशीनवर उभे राहिले, पण तिथल्या कॅन्टीनमध्येही वाढणाऱ्यानं दोनदा विचारायचं, असा त्यांचा लौकिक.

पोरानं तिकीट काढलं होतं ते असं. मुंबईहून आखातातल्या एका देशाच्या कंपनीचं विमान, ते अमेरिकेतल्या मोठ्या शहरापर्यंत. तिथून पुढं पोराच्या गावाला अमेरिकेतल्याच कंपनीचं विमान. म्हणजे दोन्ही सर्विसा मला एकापाठोपाठ बघायला मिळाल्या, लापशीनंतर लगेच ठेचा खावा तशा.

पहिल्या विमानाचं काय सांगू. आमच्या दोघांच्या जागा लांब लांब लागल्या होत्या. मी नुसती बावरून इकडं तिकडं बघितलं, तर एक पोरगी आली, टोपीवरून ओढणी सोडलेली, तिनं एका जवान माणसाला गोड बोलून उठवलं आणि आम्हाला शेजारी बसवलं. बोलायची तर खुर्चीपाशी गुडघे टेकून, आपल्या डोळ्यांच्या उंचीला येऊन. ताट आलं, काकांनी हात आडवा केला. "नको." ती हसली, हिंदीत म्हणाली, "अंकल, थोडा सा?" मग काकांनी तिच्यावर उपकार केल्यासारखं तोंड करून सगळं खाल्लं, वाटीतला भातसुद्धा पुसून. मी म्हटलं, "सासुरवाडीला आल्यासारखे बसलात."

"मग? मानसं चांगली हायती," म्हणाले.

तिथंच माझ्या मनात शंका यायला हवी होती, पण कुणाच्या मनात येते? ताट येतं, दोनदा विचारतात, म्हणजे विमानात असंच असतं, एवढंच आम्ही शिकलो.

मोठ्या शहरात उतरलो. रांगा, शिक्के, बॅगा, परत रांगा. पुढच्या विमानाची वेळ होत आली तसे काका म्हणाले, जेवणाची वेळ झाली, सुई टोचून येतो. मी म्हटलं, "अहो, ताट समोर आलं की टोचा. घाई कशाला?"

"मला शिकवू नकोस. इमानात बसलं की जेवान देत्यात. काल बघितलं न्हाईस का?" आणि गेले मुतारीकडं, टोचून आले.

विमानाच्या दाराशी एका माणसानं माझ्या हातातली बॅग धरली. वर जागा नाही, खाली टाकणार म्हणाला. त्याच बॅगेत राजगिऱ्याचे लाडू, त्यातच ग्लुकोजची पुडी. मी "मेडिसिन, मेडिसिन" म्हणत राहिले, तो "फुल, फुल" म्हणत राहिला, आणि चिठ्ठी अडकवून बॅग गेलीसुद्धा. माझ्याकडं उरली पर्स. तिच्यात पासपोर्ट आणि बडीशेप.

आत गेलो तर परत तेच, ते पुढं आणि मी बरीच मागं, दोघंही मधल्या खुर्चीत कोंबलेले. इथली हवाई सुंदरी म्हणावी तर माझ्याच वयाची बाई. पांढरे केस, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा, पायात चालायचे बूट. मी बोटांनी "दोघं एकत्र" असं केलं. तिनं मान हलवली, जागा नाही, बसा, पट्टा लावा. हसली नाही. रागावलीही नाही. एसटीच्या वाहकासारखी पुढं गेली.

मला काकांची फक्त पांढरी टोपी दिसत होती. विमान वर गेलं, मी टोपीकडं डोळे लावून बसले. सुई टोचून झालीय, आता पोटात काहीतरी जायला हवं, एवढाच एक हिशेब डोक्यात. मग त्या बाईची ढकलगाडी निघाली. गाडीवर ताटं नव्हतीच. पुड्या होत्या आणि पाणी, सरबत, कॉफी. ठीक आहे, म्हटलं, पुडी तर पुडी. गाडी टोपीपाशी थांबली. बाईनं विचारलं. आणि टोपीच्या वर तो हात आला, आडवा, पंजा उघडा.

त्या हाताचा अर्थ मला माहीत होता, काकांना माहीत होता, आणि अख्ख्या विमानात तिसऱ्या कुणाला माहीत नव्हता. मी मनातल्या मनात म्हणत होते, अजून एकदा विचार बाई. एकदाच. बाईनं मान डोलावली आणि गाडी पुढं ढकलली.

माझ्यापर्यंत येईतो विमान हलायला लागलं. खड्ड्यातून जीप जावी तसं. घंटी वाजली, पट्ट्याचा दिवा लागला, बाईनं गाडी भराभर मागं नेली आणि सगळ्यांना बसायला सांगितलं. मला काही मिळालं नाही, त्याचं काही नव्हतं. माझे डोळे टोपीवर.

थोड्या वेळानं काकांनी टोपी काढली. तुला वाटेल त्यात काय. चारचौघांत ते टोपी काढत नाहीत गं. उकडतंय म्हणून तर नाहीच नाही. साखर उतरायला लागली की त्यांना घाम फुटतो, मग ते चिडतात, मग गळ्याच्या गुंड्या चाचपतात. हात गळ्याशी गेला तो मी मागून बघितला. मग डोकं शेजाऱ्याच्या खांद्यावर कललं. शेजाऱ्यानं ते हलकेच सरळ केलं. ते परत कललं.

मी पट्टा काढला आणि उठले. खुर्च्यांच्या पाठी धरत धरत निघाले. लगेच भोंग्यातून आवाज आला, मॅडम, सिट डाऊन. परत आला. माझ्यावर आजवर सासू ओरडली असेल, सुपरवायझर ओरडला असेल, भोंग्यातून कुणी ओरडलं नव्हतं. सगळं विमान माझ्याकडं बघायला लागलं. मी थांबले नाही. थांबले असते तर पाय परत उचलला नसता.

काकांचा चेहरा ओल्या पिठासारखा झाला होता. "अहो," मी म्हटलं. "अहो, ऐकलंत का?" डोळे अर्धे उघडे, पण बघणं नाही. तेवढ्यात ती बाई हेलकावे खात आलीच, मला बसवायला. तिनं मला दंडाला धरलं आणि मग तिला काकांचं तोंड दिसलं. मी म्हटलं, "डायबिटीस. इन्सुलिन. नो फूड." आयुष्यात शिकलेलं सगळं इंग्रजी मी तिथं खर्च केलं.

पुढचं ती जे वागली ते बघ. शेजाऱ्याला उठवून पलीकडं पिटाळलं, स्वतः मागं गेली, संत्र्याचा रस आणि कॉफीच्या साखरेच्या पुड्या घेऊन आली, पुड्या दातानं फाडून रसात ओतल्या. पेला ओठाला लावला. आणि काकांनी तोंड फिरवलं.

"नको," म्हणाले. "नको म्हनलं ना."

बाई थांबली. पेला हातात, पण पुढं करेना. मी म्हटलं, दे, ओत. तिनं मान हलवली, स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून दाखवलं. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात ओतलं तर ठसका लागेल, श्वासात जाईल. ते गिळतील याची तिला खात्री हवी होती. ती त्यांच्या गालावर थोपटत होती, इंग्रजीत मोठ्यानं काही विचारत होती. काकांना इंग्रजी शुद्धीतही येत नाही. मग ती माझ्याकडं वळली. "हिज नेम? व्हॉट्स हिज नेम?"

मला कळलं. कळलं म्हणूनच तोंड उघडेना. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर बँकेत विचारलं की मी पासबुक पुढं करते, दवाखान्यात विचारलं की पोराला सांगायला लावते. पासपोर्ट पर्समध्ये होता आणि पर्स मागं खुर्चीवर. बाईनं परत विचारलं, आता जरा ओरडूनच. तिला वाटलं असेल, ही बाई घाबरून नवऱ्याचं नावही विसरली.

मी त्यांच्या कानाशी वाकले आणि नाव घेतलं. पुटपुटल्यासारखं. काही नाही. परत घेतलं. पापणी हलली नाही. मग मी सरळ उभी राहिले आणि माझ्या सासूबाई बांधावरून हाक मारायच्या तशी हाक मारली, नुसतं नाव, शेवटचं अक्षर लांबवून. ते नाव मी इथंही लिहिणार नाही, तू समजून घे.

काकांनी डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं नाही, माझ्या मागं कुठंतरी बघितलं. "आलो गं," म्हणाले.

बाईनं त्या "आलो"वर पेला टेकवला. त्यांनी घोट गिळला. मग दुसरा. मग पेला स्वतःच धरला. तिनं मला त्यांच्या शेजारी बसवलं, पुडीतल्या खारट काड्या एकेक करून मी भरवल्या. विमान अजून हलतच होतं, पण मला ते नंतर आठवलं.

माणसात आल्यावर काकांचा पहिला प्रश्न, "नाव घेतलंस तू?"

"घेतलं."

"किती जनांनी ऐकलं?"

"सगळ्यांनी. कुणाला काय कळतंय."

"मला कळलं न्हवं," म्हणाले, आणि टोपी घातली.

ती बाई परत आली, चष्मा लावून वाकून त्यांचं तोंड बघितलं. मग मला म्हणाली, मी यांना विचारलं होतं, हे नो म्हणाले. दोनदा सांगितलं तिनं ते. रिकाम्या पुड्या गोळा करत होती आणि गोळा केलेल्या परत खाली ठेवत होती. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तीही घाबरलीय. नोकरीवर येईल ना बाई असं काही झालं तर. मी तिला समजवायला गेले, "इंडियन नो. फर्स्ट नो, नॉट नो."

तिनं चष्म्यावरून बघितलं. "हिअर," ती म्हणाली, "नो इज नो."

आता तू म्हणशील, मावशी, उत्तर दे, कुठली चांगली? मला विचारशील तर पहिल्या विमानात आम्ही पाहुणे होतो. दुसऱ्यात मोठी माणसं होतो, शब्दाची जबाबदारी आमची. तुम्हा पोरींना दुसरंच आवडेल, नको म्हटलं की विषय संपला, ते मी समजू शकते. काकांच्या तोंडात घाईनं ओतलं नाही ते बरंच झालं, तेही समजते. पण बॅग हातातून काढली त्याचा राग माझा अजून गेलेला नाही, आणि जाणारही नाही. औषध म्हटल्यावर थांबावं माणसानं, मग देश कुठलाही असो.

मला घोर लागलाय तो दाजींचा. तेही आपल्याच गावचे, त्यांचा हातही तसाच आडवा जातो. सुई वेळेवर टोचून घेतील आणि गुमान बसून राहतील. त्यांच्या मागं बसून टोपी बघणारं कुणी नसेल, हाक मारणारंही नसेल. तू समजवायला गेलीस तर म्हणतील, कालची पोर. माझं तर ऐकायचं नाहीच, मेहुणीचं कोण ऐकतं. म्हणून काल मी काकांपाशी विषय काढला. त्या दिवसाचं त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, पोरालाही नाही. पोर विमानतळावर घ्यायला आला तेव्हा "प्रवास ब्येस झाला" म्हणाले होते. काल मात्र म्हणाले, "आन त्याला हितं. मी सांगतो. सुई कवा टोचायची, खिशात काय ठेवायचं, समदं सांगतो."

तेव्हा गुरुवारी तुझी सुट्टी असते ना, दाजींना घेऊन ये. जेवायलाच या, मी वांग्याचं भरीत करते. तिकीट त्यानंतर काढ. आणि पुढच्या गुरुवारी म्हणू नकोस, ह्याच गुरुवारी ये.