डोळे मिटून सापडणारं बटण

तुमसरला राईस मिलच्या मागे एक गल्ली आहे. तिथे दुपारच्या उन्हात कोंड्याची धूळ इतकी संथ उतरते की सगळी गल्ली पाण्याखाली असल्यासारखी वाटते. त्या गल्लीत बाबुलालकाकांचं बॅटरीचं दुकान आहे.

काकांनी एकोणतीस वर्षं नाकाडोंगरीकडच्या मँगनीज खाणीच्या लॅम्परूममध्ये काढली. पाळी सुरू झाली की प्रत्येक कामगार आपलं पितळी टोकन खिळ्याला अडकवायचा आणि टोपीला लावायचा दिवा घेऊन खाली उतरायचा. वर आला की दिवा परत करायचा, टोकन घ्यायचा. पाळीचे सगळे खिळे रिकामे झाले की काका घरी जायला मोकळे. आता दुकानातही ते उठताना एकदा भिंतीकडे बघतात. तिथे खिळे नाहीत, कॅलेंडर आहे.

माझी मुलगी मंजुषा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने प्रोजेक्टसाठी सत्यभामाबाईंच्या डोंग्याला, म्हणजे छोट्या नावेला, मोटर बसवायला घेतली. सत्यभामाबाई आमच्या सिहोऱ्याजवळच्या तलावात शिंगाडे तोडतात. दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट, मागे पाण्यात छोटा पंखा. डोंगा थोडा पुढे न्यायचा, मोटर बंद करायची, मग कोपरापर्यंत हात पाण्यात घालून वेल उलटायचा. म्हणजे पंखा आणि त्यांची बोटं एकाच पाण्यात. मला रात्री डोळ्यांपुढे ती बोटंच यायची.

मंजुषाने घरातल्या दिव्याचं असतं तसंच बटण लावलं होतं. "आई, याच्यावर अडीचशे व्होल्ट लिहिलंय. आपले चोवीस. दहापट मजबूत आहे." हिशेब मला पटला. एक रात्र मी शांत झोपलेही. तिसऱ्या दिवशी अंगणात मोटर चालवून बघताना तिने बटण बंद केलं आणि पंखा फिरतच राहिला. तिने तार ओढून काढली आणि हसली. मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी मोटर आणि बटण घेऊन आम्ही तुमसरला काकांकडे गेलो.

काकांनी बटण उघडलं. आत काळं पडलेलं, पितळेच्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या.

"हे घरच्या करंटचं बटण," काका म्हणाले. "घरचा करंट सेकंदाले शंभर डाव शून्यावर येते. ठिणगी पडली तरी तिले विझायले सवड भेटते. बॅटरीचा करंट मधात कुठीच थांबत नाही."

"मग अडीचशे कायले लिहिलं, काकाजी?"

"त्याच्या पुढे काय लिहिलं आहे?"

"एसी."

"आन् डीसीचा आकडा?"

मंजुषाने बटण फिरवून फिरवून पाहिलं. नव्हता.

"चष्मा मले लागला, पण वाचत तू नाही," काका म्हणाले. "मोटर किती अँपिअर खाते?"

"आठ."

"चालतानी आठ. उठतानी?"

काकांनी मीटर लावून मोटर सुरू केली. आकडा क्षणभर तिसाच्या वर उसळला आणि आठावर येऊन बसला. "वेल अडकला तर अशीच वढते," ते म्हणाले. मग डबे हुडकून त्यांनी एक जाड मुठीचं बटण काढलं. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं: डीसी, अठ्ठेचाळीस व्होल्ट, पन्नास अँपिअर. आतल्या स्प्रिंगमुळे पट्ट्या झटक्यात लांब होतात, ठिणगीला टिकायला वेळच मिळत नाही. शिवाय बॅटरीला लागून एक फ्यूज दिला.

पण बटण त्यांनी लगेच हातात दिलं नाही. फळीवर बसवलं आणि म्हणाले, "आता डोळे मीट, बंद कर." खाणीत दिवा गेला तर हातालाच जागा माहीत असावी लागते. मंजुषाचा हात वीतभर चुकला. काकांनी फळी फिरवली, बटण उजवीकडे घेतलं. तिसऱ्या वेळी हात नेमका पडला.

"आता आईले."

"मी कायले?"

"तुमाले भेव वाटते म्हणून."

रविवारी आम्ही तलावात गेलो. पुढे सत्यभामाबाई, मध्ये बटणाजवळ मी, मागे मंजुषा. धुकं अजून पाण्यावरून उठलं नव्हतं. काठ कधी दिसेनासा झाला ते कळलंच नाही.

"बाई, तुमी घडीघडी मागे वळून राहिल्या," सत्यभामाबाई म्हणाल्या. "डोंगा हालते. शिंगाडे हसतीन आपल्याले."

वेल जवळ आले. मी डोळे मिटले. हात आपसूक गेला, मूठ सापडली, खट् झालं. पंख्याने दोनचार फेरे घेतले आणि आवाज थांबला. डोंगा मात्र सरकत राहिला, दोन्ही बाजूंनी पानं अंगाला घासत, कुणी झोपेत कूस बदलावी तसा. मी डोळे उघडले नाहीत. पुढून सत्यभामाबाईंचे हात पाण्यात गेल्याचा आवाज आला. मग टोपलीत पहिला शिंगाडा पडला. मग दुसरा.

संध्याकाळी मंजुषाने काकांना फोन लावला. मोटर कशी चालली, डोंगा किती पळाला, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही.

"सगळे वर आले का?" ते म्हणाले.

मंजुषाने माझ्याकडे पाहिलं. "आलो, काकाजी," ती म्हणाली. "तिघीही."