आधी न दिलेला प्रश्न

शिक्षणशास्त्र विभागातल्या एका प्राध्यापिकेला घरचे गमतीनं 'पाहुणेबाई' म्हणत. एम.एड.च्या वर्गासाठी बाहेरच्या विद्वानांना व्याख्यानाला बोलवायचं काम एकदा तिच्या गळ्यात पडलं ते कायमचंच. फोन करून गळ घालायची तिनं, स्टेशनवरून आणायचं तिनं, माइक खरखरला की टिचक्या मारून बघायचंही तिनंच. आणि एक गोष्ट ती गुपचूप करायची. पहिला प्रश्न कुणातरी हुशार मुलीला आधीच देऊन ठेवायची. नाहीतर व्याख्यान संपलं की सगळा वर्ग तोंडात मिठाची गुळणी धरून बसे, आणि पाहुण्यांपुढे हिचीच मान खाली.

यावेळी आल्या होत्या एक वयस्कर संशोधक बाई. मुलं वर्गात प्रश्न विचारणं कधी आणि कसं सोडतात, हा त्यांचा विषय. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "पहिला प्रश्न कोणाकडे दिलाय?"

पाहुणेबाई ओशाळली. "तुम्हाला कसं कळलं?"

"सगळीकडे देतात हो. आज मात्र परत घ्या."

व्याख्यान रंगलं. "विचारा आता," म्हणून संशोधक बाई खुर्चीत टेकल्या. कोणी हूं की चूं केलं नाही. दिलेला प्रश्न पाहुणेबाईनं खरंच परत घेतला होता. पाहुणेबाई आभार मानायला उठली आणि तिच्या तोंडून भलतंच निघालं, "माझी मुलगी घरी प्रश्न विचारून डोकं खाते. मासे झोपतात का, एकाची जांभई दुसऱ्याला कशी लागते. शाळेत मात्र चकार शब्द काढत नाही. असं का?"

"मला नाही माहीत," बाई म्हणाल्या. "तिला विचारलंत?"

तिनं विचारलंच नव्हतं! वर्ग खळखळून हसला, आणि मागून एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, मीही तशीच होते. सांगू का?" मग काय, चहा निवून गेला तरी कोणी उठेना.

संध्याकाळी तिनं लेकीला विचारलं.

"आमच्या बाई 'कळलं का?' म्हणतात आणि लगेच फळा पुसतात," लेक म्हणाली. "आणि कळलं नाही असं नसतंच गं आई. मला त्याच्या पुढचं विचारायचं असतं."

हे 'पुढचं' पाहुणेबाईच्या डोक्यात घोळत राहिलं. महिन्याभरानं गणित शिकवण्यावर बोलायला एक प्राध्यापक आले, तेव्हा तिनं कोणालाच प्रश्न दिला नाही. जीव मुठीत धरून नुसती वाट बघत बसली. शेवटी कोपऱ्यातला एकजण उठला. "सर, तुम्हाला स्वतःला गणित आवडतं का?"

प्राध्यापकांनी चष्मा काढला. "हे आजवर कोणी विचारलं नव्हतं," म्हणाले, आणि उत्तर द्यायला टेबलाच्या कडेला टेकले. पाहुणेबाईनं खुर्ची जरा पुढे ओढली.