आज नको, उद्या या

आप्पांचा आवाज गेल्याचं सगळ्यात आधी गल्लीला कळलं. गडमुडशिंगीत रस्त्याकडेला त्यांचं मोटारी भरायचं वर्कशॉप होतं. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी उघडून ते त्यात नवी तार भरायचे आणि दिवसभर चढ्या आवाजात गिऱ्हाइकांशी बोलायचे. घशाच्या कॅन्सरपायी त्यांचं स्वरयंत्र काढलं. त्यानंतर गळ्याच्या भोकातून नुसता वारा यायचा.

हात मात्र शाबूत होते, म्हणून त्यांनी काम सोडलं नाही. अडचण फोनची होती. आता बोलता येत नाही म्हटल्यावर गिऱ्हाइकं मेसेज पाठवायला लागली. एकेक अक्षर शोधून उत्तर लिहिताना आप्पा वैतागायचे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघंच. मी घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. त्यांचा फोन मी माझ्या जुन्या लॅपटॉपला जोडला आणि त्यावर त्यांच्यासाठी एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिली. त्यात फार काही नव्हतं. आलेला मेसेज वाचायचा, त्यात ठरावीक शब्द सापडले की ठरवून ठेवलेलं उत्तर धाडायचं.

उत्तरं आप्पांनी पाटीवर लिहून दिली. मी आधी 'आपले काम सुरू आहे' असं लिहिलं होतं. त्यांनी ते वाचून मान हलवली आणि पाटीवर लिहिलं, 'लागलोय कामाला. झाली की कळवतो.' तब्येत विचारली तर 'बरं हाय.' आणि कुणी 'येऊ का' म्हणालं तर त्यांचं नेहमीचंच, 'आज नको, उद्या या.' हे लिहिताना त्यांचे खांदे हलले. आवाज नसलेलं हसू कसं असतं ते मी तेव्हा पाहिलं. घरच्या माणसांचे नंबर मी स्क्रिप्टमधून वगळले होते. त्यांना आप्पा स्वतः उत्तर देत.

घरची माणसं म्हणजे मुख्यतः आत्ती. आप्पांची थोरली बहीण, जयसिंगपूरला दिलेली. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा तिनंच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं होतं. ऑपरेशनच्या वेळी तिचे यजमान अंथरुणावर होते, त्यामुळं तिला येता आलं नाही. ती सल तिच्या बोलण्यात सारखी यायची. पुढं यजमान गेले. मुलानं तिला नवा फोन घेऊन दिला, त्याबरोबर नंबरही बदलला. तो मी माझ्या फोनमध्ये घेतला. आप्पांच्या फोनमध्ये आणि स्क्रिप्टच्या वगळायच्या यादीत घालायचा राहिला, आणि राहिलाय हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

नंतर आजार उलटला. डॉक्टरांनी आता काही करण्यासारखं नाही असं सांगितलं, आणि आप्पांनी पाटीवर मला बजावलं, कुणाला कळवायचं नाही. आत्तीचा फोन आला की मी औषध चालू आहे एवढंच सांगायची. आप्पांचा मुक्काम आतल्या खोलीत हलला. फोन बाहेर, लॅपटॉपशेजारी पडून असायचा. त्यात काय येतंय हे बघायची ताकद त्यांच्यात नव्हती, आणि मला सवड नव्हती.

शेवटी त्यांनी डोळे उघडायचं थांबवलं, तेव्हा मी न विचारता आत्तीला बोलावलं. ती मिळेल त्या गाडीनं आली. त्यांच्या तोंडावरून हात फिरवत, त्यांना लहानपणच्या नावानं हाका मारत बसली. त्यांनी ओळख दाखवली नाही. पहाटे ते गेले.

रक्षाविसर्जन उरकून घरी आलो. पाहुणे पांगल्यावर आत्तीनं मला जवळ बसवलं.

"एक विचारू? माझ्यावर त्यो कशापायी रागावलावता?"

मी म्हटलं, रागावले नव्हते. तिचा विश्वास बसेना. तिनं पिशवीतून फोन काढून माझ्या हातात दिला. तिनं लिहिलं होतं, 'कसा हायस रं?' खाली उत्तर, 'बरं हाय.' मग तिचं, 'येऊ का बघायला?' खाली, 'आज नको, उद्या या.' काही दिवसांनी पुन्हा तिचं तेच, पुन्हा तेच उत्तर. मी वर सरकवत गेले. सगळीकडं तेच होतं.

"जन्मात कधी मला 'या' म्हटलं न्हवतं त्यानं. 'ये', 'जा', 'गप बस', असलंच. ह्ये वाचलं आन् म्हटलं, ऑपरेशनला आले न्हाय म्हणून परकी केली मला. मग आगंतुकासारखं कसं यायचं?"

मी तिला लॅपटॉप दाखवला. कुठल्या शब्दाला कुठलं उत्तर लावलंय ते दाखवलं. तिचा नवा नंबर वगळायचा राहिला होता, तेही सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. ती चिडली नाही. पडद्यावर 'बरं हाय' लिहिलं होतं तिथं तिनं बोट टेकवलं.

"म्हंजे त्यानं ह्यातलं काय वाचलंच न्हाय?"

"न्हाय, आत्ती."

"त्यो रागावलाय म्हणून तरी मनाला समजावत हुते," ती म्हणाली. "आता काय सांगू? थांबले कशासाठी मी?"

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चूल पेटवायला उठली, कारण सकाळपासून घरात कुणी काही खाल्लं नव्हतं.

स्क्रिप्ट मी त्याच दुपारी बंद केली. मेसेज येतच राहिले. आप्पा गेले, मोटार घेऊन जा, असं मी एकेकाला हातानं लिहीत गेले. माणसं आली, दारात जरा वेळ उभी राहिली, उघडून ठेवलेल्या मोटारी तशाच टेम्पोत घालून घेऊन गेली. एकानं विचारलं की परवापर्यंत तर उत्तर येत होतं, मग ते गेले कधी? मी दिवस सांगितला. त्यानं खिशातून फोन काढून शेवटच्या उत्तराची तारीख बघितली.

आत्ती आता कुणालाच मेसेज करत नाही. मी फोन केला तर उचलते, जेवलीस का विचारते आणि ठेवून देते.