कुसुमताईंची सही

पेशंट काम करत असला की कुसुमताई पेडणेकर दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या. नवख्याला वाटावं, बाई तपासणीला आलेल्या बड्या साहेब आहेत. समोर अर्धांगवायूतून उठलेला माणूस शर्टाच्या एका बटणाशी दहा मिनिटं झटतोय, त्याच्या कपाळावर घाम जमलाय, आणि या शांतपणे बघताहेत. कुवेतच्या त्या हॉस्पिटलातला माझा तो पहिला दिवस होता. मला राहवेना. मी पुढे झालो आणि बटण झटकन लावून टाकलं. दुसऱ्या क्षणी माझ्या मनगटावर लाकडी कालथ्याचा फटका बसला.

"हात मागे!" कुसुमताई म्हणाल्या. "ते बटण त्याचं होतं. तू का चोरलंस?"

हॉस्पिटलात कालथा कुठून आला, हा प्रश्न मला दुसऱ्या दिवशी पडला. वाकड्या झालेल्या हाताला आधार देणारे स्प्लिंट करायचे तर प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करावा लागतो. त्यासाठीचं यंत्र इराकी सैन्य आलं तेव्हा बाकीच्या सामानाबरोबर गेलं. युद्ध संपल्यावर कुसुमताई मालवणहून परत आल्या, हवल्लीतल्या एका दुकानातून विजेवर चालणारी तळणी आणि कालथा घेऊन आल्या, आणि पुढे नवं यंत्र आलं तरी त्याच्या खोक्याची पट्टीसुद्धा त्यांनी कापली नाही. नवे पेशंट खोलीत शिरताना नाक वर करून वास घ्यायचे.

आमचा विषय ऑक्युपेशनल थेरपी. नाशिकला माझ्या सासरेबुवांची शेवटपर्यंत समजूत होती की मी कुवेतमध्ये लोकांना नोकऱ्या लावून देतो. खरं तर आजाराने किंवा अपघाताने माणसाच्या हातून सुटलेली रोजची कामं, म्हणजे जेवणं, कपडे घालणं, कुलूप उघडणं, ही त्याला परत करता यावीत म्हणून आम्ही खटपट करतो. कुसुमताईंकडे या विषयातला जुना डिप्लोमा होता आणि माझ्याकडे पदवी, त्यामुळे कागदावर मी त्यांचा वरिष्ठ होतो. हा विनोद विभागात सगळ्यांना कळला होता, मी सोडून.

पाचसहा वर्षं झाली आणि मला डॉक्टर व्हावंसं वाटू लागलं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने घरबसल्या डॉक्टरेटचा अभ्यासक्रम काढला होता. फरवानियाच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी कॉम्प्युटर आणला आणि बायकामुलांना टीव्हीचा आवाज कमी करायला लावला. दर आठवड्याला एक निबंध लिहायचा आणि दोन सहाध्यायांच्या निबंधांवर सुसंस्कृत मतभेद नोंदवायचे. 'नेतृत्व' या विषयात मला पैकीच्या पैकी गुण मिळाले. त्याच आठवड्यात मुदीरकडे, म्हणजे आमच्या विभागप्रमुखाकडे, दोन दिवसांची रजा मागायची हिंमत होईना म्हणून मी कुसुमताईंना पुढे घातलं होतं.

"काय डॉक्टर, आज काय वाचलंत?" त्या रोज विचारायच्या. पदवी मिळायला तीन वर्षं होती, पण मला ती हाक आवडायची. मी पुराव्यावर आधारलेल्या उपचारांबद्दल पंधरा मिनिटं बोलायचो. त्या तळणीत पत्रा उलटत "हूं, मग?" म्हणायच्या. माझं संपलं की म्हणायच्या, "आधी बघ. मग हात लाव. तुझ्या त्या बारा विषयांत बघणं कितव्या नंबरला आहे?"

अभ्यासक्रमाच्या शेवटी एक मोठा प्रकल्प होता, त्याला तिकडे कॅपस्टोन म्हणतात. आपल्याच हॉस्पिटलात काहीतरी नवं उभं करायचं, त्याचा परिणाम मोजायचा, आणि तिथल्याच एका अनुभवी मार्गदर्शकाची सही आणायची. ती सही नसेल तर आधीची तीन वर्षं पाण्यात. विभागात अनुभवी म्हणाल तर कुसुमताई एकट्या. मी त्यांची माहिती विद्यापीठाला पाठवली तेव्हा डिप्लोमाची ओळ जरा खाली सरकवली, आणि त्या स्प्लिंट करतात याचं 'क्लिनिकल डिझाइनमधील वरिष्ठ सल्लागार' असं काहीतरी केलं. त्यांना दाखवलं नाही. मला वाटलं, बाईंना उगाच संकोच वाटेल.

माझा प्रकल्प होता एका हाताने स्वतंत्रपणे जेवणं. अर्धांगवायूने उजवा हात गेलेल्या पेशंटांना डाव्या हाताने, जाड मुठीच्या वाकड्या चमच्याने जेवायला शिकवायचं, आणि सात गुणांच्या पट्टीवर प्रगती मोजायची. सात म्हणजे कुणाच्याही मदतीविना. माझा हिरो होता अबू फहद, बंदरावरचा निवृत्त अधिकारी, उंचापुरा, शुभ्र दिशदाशातला, म्हणजे पायघोळ झग्यातला माणूस. माझ्यावर त्याचा फार जीव. मी चमचा दिला की डाव्या हाताने निमूटपणे भात खायचा आणि मान हलवून म्हणायचा, "जैन, डॉक्टर, जैन." छान, छान. दोन गुणांवरून दहा आठवड्यांत तो सातवर पोचला. घरी किती जमतं याचा छापील फॉर्म मी त्याच्या मुलाच्या हाती पाठवला होता, तो 'एक्सलंट' लिहून परत आला. मी आलेख काढला. इतका सुंदर चढता आलेख मी जन्मात काढला नव्हता. बायकोला दोनदा दाखवला.

अहवाल पाठवायला आठवडा उरला तेव्हा मी सहीचं पान उघडून कुसुमताईंच्या समोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून सगळं वाचलं. त्या चिडल्या की मालवणीत जायच्या, हे मला ठाऊक होतं.

"त्येच्या घराक गेल्लंस कधी?"

"फॉर्म पाठवला होता, ताई. मुलाने भरून दिला."

"फॉर्म!" त्यांनी चष्मा काढला. "एकटो जेवता तो. आतल्या खोलयेत. मी सही करूचंय नाय."

मग त्यांनी जरा शांत होऊन सांगितलं. अबू फहदच्या घरी दुपारी मोठ्या थाळ्यात मजबूस येतो, मटणभात, आणि सगळे पुरुष त्याच थाळ्यात उजव्या हाताने जेवतात. डावा हात त्या थाळ्यात घालायचा नसतो. त्याला कुणी काही म्हणालं नव्हतं. तोच पहिल्या दिवशी उठला आणि आत जाऊन बसला. तेव्हापासून त्याचं ताट वेगळं, खोली वेगळी. हॉस्पिटलात तो डाव्या हाताने खायचा ते केवळ माझं मन मोडू नये म्हणून.

हे मला कुणा अरबाने समजवायला हवं होतं अशातला भाग नाही. पंगतीत डावा हात ताटाला लागला म्हणून आत्याने मला एकदा सगळ्यांदेखत उठवलं होतं. ते लहानपण, ती लाज, सगळं माझ्यापाशी होतं. पण हातात सात गुणांची पट्टी आली आणि मी ते सगळं विसरलो. त्या पट्टीवर हाताची बाजू लिहायला रकाना नव्हता. सातपैकी सात गुण देऊन मी एका यजमानाला त्याच्याच घरात ताटावरून उठवलं होतं.

हे आज इतकं नीट लिहितोय, त्या दिवशी मात्र मी भांडलो. मुदत, समिती, तीन वर्षं, घरच्यांचा टीव्ही, सगळं काढलं. शेवटी म्हणालो, "ताई, समितीला काय कळणार आहे इथलं?"

"समितीक नाय कळूचा," त्या म्हणाल्या. "तुका कळला ना आता?"

मी तीन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. चौथ्या दिवशी विद्यापीठाला पत्र लिहून सहा महिने मागून घेतले. बाणेदारपणे वगैरे नाही, सही मिळणार नव्हती म्हणून.

मग मी अबू फहदच्या शेजारी बसलो आणि त्याला काय करता यायला हवं आहे ते पहिल्यांदा विचारलं. "गहवा," तो म्हणाला. कॉफी. संध्याकाळी त्याच्या दिवानियात, म्हणजे घराच्या बैठकीत, तीस वर्षांचे मित्र यायचे, आणि आता धाकटा भाऊ त्यांना कॉफी ओतून द्यायचा. स्वतःच्या घरी पाहुण्यासारखं बसवत नाही, म्हणून तो बैठकीतही जाईनासा झाला होता.

कॉफीची रीत कुसुमताईंना पाठ होती. दल्ला, म्हणजे चोचीची किटली, डाव्या हातात धरायची. फिंजान, म्हणजे बिनकानाचा इवलासा पेला, उजव्या हाताने द्यायचा. "डावा त्याचा चांगला आहे," त्या म्हणाल्या. "उजव्याने फक्त तो पेला धरायचा आणि वीतभर पुढे करायचा. तुझ्या चमच्यापेक्षा हलका आहे." त्या हाताला बोटं उघडण्याइतका जीव येऊ लागला होता. माझ्या आलेखात तो हात नव्हताच, म्हणून मी तिकडे पाहिलंही नव्हतं. त्यांनी अंगठ्यासाठी पातळ स्प्लिंट केला, चार वेळा तळणीत टाकून पुन्हा वळवला. पाच महिने अबू फहद रिकामे पेले उचलत होता, मग पाण्याचे, मग कॉफीचे. माझ्या दोन पँटी कायमच्या गेल्या.

सहाव्या महिन्यात त्याने आम्हाला घरी बोलावलं. कुसुमताई आत बायकांत गेल्या, मी दिवानियात मित्रांच्या रांगेत बसलो. अबू फहद उठला. नातवाने स्प्लिंटचा पट्टा बांधला, भरलेला दल्ला डाव्या हातात दिला. एकेकासमोर थांबत तो माझ्यापर्यंत आला आणि थरथरत्या उजव्या हाताने पेला पुढे केला. मी तो घेतला, प्यायलो, आणि रडू लागलो. पुरे झालं की पेला हलवून परत द्यायचा, हे कुवेतमध्ये पहिल्या आठवड्यात कळतं. मी आठ वर्षं जुना माणूस, न हलवताच परत देत राहिलो, आणि तो बिचारा रिवाजाप्रमाणे पुन्हा भरत राहिला. सहाव्या पेल्यानंतर शेजारच्या म्हाताऱ्याने माझं मनगट धरून हलवलं. दिवानिया हसली, अबू फहद सगळ्यांत जोरात हसला.

पट्टीवर मात्र याचे गुण झाले चार. पट्टा दुसऱ्याने बांधावा लागतो, दल्ला दुसऱ्याने द्यावा लागतो, म्हणून चार. सातवरून चारवर आलेला आलेख घेऊन मी कुसुमताईंसमोर उभा राहिलो. त्यांनी सगळा अहवाल वाचला आणि पेन उघडलं.

"सातवर केली नाहीत, आणि चारवर सही करताय?"

"चार खरे आसत," त्या म्हणाल्या. सही केली, मग पान मागे उलटून मार्गदर्शकाच्या माहितीतले 'वरिष्ठ सल्लागार' वगैरे शब्द खोडले आणि तिथे स्वच्छ अक्षरात 'डिप्लोमा' लिहिलं. मला वाटलं, बाईंनी माझ्या डॉक्टरेटच्या शवपेटीवर शेवटचा खिळा ठोकला.

तोंडी परीक्षा फोनवर झाली. स्पीकर चालू, मी ताठ, शेजारी कुसुमताई. समितीने माझी तासभर उलटतपासणी केली आणि मी तासभर मोठमोठे शब्द वापरले. मग अध्यक्षबाईंनी मार्गदर्शकांना एकच प्रश्न विचारला. हॉस्पिटलातल्या सगळ्या नोंदी यश दाखवत होत्या, मग हा माणूस घरी एकटा जेवतो हे तुम्ही कसं शोधलंत? कोणती पद्धत वापरलीत?

कुसुमताईंनी माझ्याकडे बघितलं. पद्धत हा शब्द त्यांना नवा नव्हता, पण त्यांना त्याची गंमत वाटली असावी.

"त्याच्या बायकोला विचारलं," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

मग अध्यक्षबाई म्हणाल्या की आम्हाला आणखी काही विचारायचं नाही. मी डॉक्टर झालो. समितीच्या शेऱ्यात लिहिलं होतं की, उमेदवाराने माणसाला त्याच्या आयुष्याबद्दल विचारण्याचं महत्त्व उत्तम आत्मसात केलं आहे. ते पान मी चौकटीत लावलं.

पुढच्या वर्षी वयाची अट लागून कुसुमताईंचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, संपला आणि त्या मालवणला परतल्या. मी त्यांना दर महिन्याला पहिल्या शुक्रवारी फोन करायचो, एकही शुक्रवार चुकवला नाही. मला बढती मिळाली ते सांगितलं. परिषदेत माझं भाषण झालं ते सांगितलं. माझ्या हाताखाली डॉक्टरेटचे विद्यार्थी आले, मी त्यांना काय काय शिकवतो, ते तर तीन शुक्रवार पुरलं. त्या ऐकायच्या. "हूं, मग?" म्हणायच्या. अलीकडे आवाज बारीक येतो असं मला वाटलं होतं, आणि तो दोष मी लाइनला दिला होता.

एका शुक्रवारी फोन त्यांच्या पुतणीने उचलला. कुसुमताईंना जाऊन बारा दिवस झाले होते. पोटाचा कॅन्सर, दीड वर्ष चाललं होतं, गोव्याला बांबोळीच्या हॉस्पिटलात नेआण सुरू होती. मी म्हणालो, "अहो, पण मी दर महिन्याला बोलत होतो त्यांच्याशी. त्या मला काहीच कशा बोलल्या नाहीत?"

पुतणीला बिचारीला मला दुखवायचं नव्हतं. ती म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही कधी विचारलंत का?"