जुन्या लोकरीची टोपी

परभणीची थंडी बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही. उन्हाळ्यात भाजून काढणारं हे गाव जानेवारीत दात वाजवायला लावतं. त्या थंडीच्या आधी आमच्या कॉलनीतल्या बायकांनी सरकारी दवाखान्यात जन्मणाऱ्या लेकरांसाठी टोप्या विणायचं मनावर घेतलं. दुपारी मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात आम्ही जमायचो. हात सुयांवर आणि तोंड सुनांवर. क्रोशावाल्या एका बाजूला, दोन सुयांवाल्या दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही पक्षांचं एकमेकींच्या टाक्यांबद्दल बरं मत नव्हतं. एकीची टोपी दरवेळी एवढी मोठी व्हायची की ती नवऱ्यालाच बसावी. तरी संक्रांतीच्या आत पिशव्या भरल्या.

वाटपाच्या दिवशी सगळ्या ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. फोटोवाला आला. एकेकीनं पुढं होऊन बाळाच्या डोक्यावर टोपी चढवायची असं ठरलं. मी पिशवी धरून मागं उभी राहिले. मला कुणी मागं सारलं नव्हतं. आमचे हे जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि ओटी, पाळणा, कोवळं लेकरू अशी गोष्ट समोर आली की माझे पाय आपोआप मागं जायचे. मैत्रिणी ‘तुम्ही पण या ना’ म्हणायच्या, पण एकदाच. दुसऱ्यांदा कुणी म्हणायचं नाही, आणि मला त्याचा राग यायचा. बोलून मात्र दाखवला नाही.

चार-सहा दिवसांनी उरलेल्या टोप्या द्यायला मी एकटीच गेले. वॉर्डात शिरले आणि बघतच राहिले. एकाही लेकराच्या डोक्यावर आमची टोपी नाही! सगळ्यांची डोकी जुन्या लुगड्याच्या फडक्यांत गुंडाळलेली. टोप्या होत्या, पण घड्या घालून उशांखाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन महिने डोळे फोडून विणायचं ते उशीला टेकू द्यायला?

दाराजवळच्या खाटेवर चुडाव्याकडची एक पोरगी होती, पहिलटकरीण. तिचं लेकरू आदल्या दिवशीच झालेलं, दिवस भरायच्या आधी आलेलं, मूठभर. नर्सबाई तिच्या आईला सांगत होत्या, ‘मावशी, ह्याचं डोकं गरम राहिलं पाहिजे. फडकं सारखं ओलं होतंय, गार पडतंय. टोपी घाला.’ मावशी मान हलवत होती आणि घालत मात्र नव्हती. नर्सबाई दुसऱ्या खाटेकडं गेल्या तशी मी पुढं झाले. पिशवीतली सगळ्यात लहान टोपी काढून तिच्या हातात दिली आणि जरा चढ्या आवाजातच म्हटलं, ‘लेकरू गारठायलंय आणि तुम्ही बघत काय बसलात?’

ती शांतपणे म्हणाली, ‘बाई, बारसं व्हईस्तोर नवं कसं घालावं? तुमच्यात घालत्येत का?’

आमच्यातही घालत नाहीत. माझ्या लेकाला पहिले बारा दिवस त्याच्या आजोबांच्या धोतराच्या तुकड्यांत गुंडाळलं होतं. सासूबाईंनी ते धोतर माझ्या सातव्या महिन्यातच धुऊन, मऊ करून ठेवलं होतं. सभामंडपातल्या आम्ही सगळ्या आया, निम्म्या आज्या. प्रत्येकीनं आपल्या घरी हेच केलेलं. आणि एकीच्याही डोक्यात आलं नाही. द्यायची वेळ आली तेव्हा ही लेकरं आमच्या हिशेबी दवाखान्यातली लेकरं होती. त्यांनाही घर असतं, आजी असते, रीत असते, हे आम्ही धरलंच नव्हतं.

दुपारी मंडपात सांगितलं तर भांडणच पेटलं. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई म्हणाल्या, ‘असल्या खुळचटपणाला आपण खतपाणी घालायचं नाही. डॉक्टरांकरवी सक्तीनं घालायला लावू.’ दुसरी म्हणाली, ‘टोप्या दहादा धुऊन जुन्या करू.’ तिसरीला वाईट वाटत होतं ते पेपरात आलेल्या फोटोचं. मला दोन्ही बाजू पटत होत्या आणि दोन्हींचा वैताग येत होता. रीत खरी की खोटी हे ठरेपर्यंत ते मूठभर लेकरू ओल्या फडक्यात पडून राहणार होतं. मी म्हटलं, ‘जुनी लोकर द्या कुणीतरी. आत्ता विणते.’ पण जुने स्वेटर सगळ्यांनी दिवाळीच्या आवराआवरीत देऊन टाकलेले, नाहीतर त्यांची पायपुसणी झालेली.

माझ्या कपाटात एक होता. ह्यांचा, राखाडी रंगाचा. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत मी तो विणला होता. एक बाही लांब झाली होती, आणि ती दुमडून हे शेवटपर्यंत तो घालत राहिले. विद्यापीठाच्या रस्त्यावर सकाळी फिरायला जाताना तोच अंगात. ते गेल्यावर सगळे कपडे दिले, हा दिला नाही.

घरी येऊन मी तो मांडीवर घेतला आणि पुष्कळ वेळ कात्री हातात धरून बसले. मग लांब बाहीच्या टोकापासून उसवायला घेतलं. तेवढीच बाही पुरली. उसवलेली लोकर कुरळी निघते. गरम पाण्यात बुडवून, वजन टांगून ती सरळ करायची असते. माझ्याकडं तेवढा वेळ नव्हता. तशीच विणली. त्या लोकरीला अजून ह्यांच्या तंबाखूचा वास होता. मला फार रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो रागच. ह्यांचा, स्वतःचा, त्या मावशीचा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दवाखान्यात गेले. लेकरू होतं तिथंच होतं, ओठ जरा निळसर. मावशीच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. तिनं टोपी हातात घेतली, चुरगाळून बघितली, गालाला लावली. ‘जुनीच हाय की. लय मऊ हाय,’ म्हणाली. मग वर बघून तिनं विचारलं, ‘कुणाच्या अंगावरची हाय, बाई?’

एवढी साधी गोष्ट मला आधी सुचू नये! जुने कपडे घेतात ते घालणाऱ्याचं आयुष्य लेकराला लागावं म्हणून. माझ्या सासूबाईंनीही सासऱ्यांचं धोतर घेतलं होतं, कारण सासरे तेव्हा ओसरीवर खणखणीत आवाजात बोलत बसलेले होते. आणि मी काय घेऊन आले होते? खोटं बोलणं सोपं होतं. लेक पुण्यात आहे, त्याचा स्वेटर आहे म्हटलं की संपलं. पण परक्याच्या नातवाच्या डोक्यावर खोटं ठेवायला जीभ वळेना.

‘आमच्या मालकांच्या स्वेटरची लोकर आहे,’ मी म्हटलं. ‘ते नाहीत आता. दोन वर्षं झाली.’

तिचा हात तसाच थांबला. खाटेवरच्या पोरीनं डोळे मिटून घेतले. शेजारच्या खाटेवरची बाई पुटपुटली, ‘असलं कामून आनावं?’ मी टोपी परत घ्यायला हात पुढं केला. बाहीही गेली आणि लेकराच्या डोक्याला टोपीही नाही, असं मनात आलं.

मावशीनं टोपी सोडली नाही. ती टाक्यांवरून अंगठा फिरवत होती.

‘टोपी कुणी इनली?’

‘मी.’

‘आन त्यायचा सुटर?’

‘तोही मीच.’

‘मंग त्यायची कशी?’ ती म्हणाली. ‘तुमच्याच हातातली हाय की सारी. आन तुमी तर जित्या हाव.’

दोन वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही स्वतःला सांगितलं नव्हतं.

तिनं लेकराच्या डोक्यावरचं ओलं फडकं सोडलं. एवढंसं डोकं, टाळू धडधडत होती. मी सवयीनं मागं सरले. तशी ती टोपी माझ्यापुढं धरून वैतागून म्हणाली, ‘आता मागं कामून सरायलाव? लेकरू गारठायलंय. घाला की तुमच्या हातानं.’