पुढच्या पायाची बोटं

कल्पना करा, तुमच्यापुढे सात पानांची टंकलिखित नोंद ठेवली आहे. विषय न्यूट. बेडकाच्या गोतातला, पालीएवढा, शेपटीवाला प्राणी. पाण्यात आणि पाण्याकाठी राहणारा. लेखकाचं नाव झाकलेलं. कोणतं वाक्य बरोबर, कोणतं चूक, हे तुम्ही सांगायचं आणि त्यावरून ती नोंद मराठी कोशात छापली जाणार. आता हेही धरून चाला की तुम्ही उदगीरला राहता, पाऊस हुलकावणी देऊन तिसरं वर्ष आहे आणि जिवंत न्यूट तुम्ही जन्मात पाहिलेला नाही.

शिवकांतापुढे हेच काम होतं. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. लातूर वेगळा जिल्हा होऊन चार वर्षं झाली, तरी कोशाच्या कचेरीनं पाकिटावर जिल्हा उस्मानाबाद घातला होता. पाकीट तिकडं फिरून आलं तेव्हा मुदतीचे दहाच दिवस उरले होते. तरी ती हरखली. तिचे वडील माणिकप्पा कापडाच्या दुकानात बसून आल्या गिऱ्हाइकाला सांगू लागले, "आमच्या पोरीला कोशवाल्यांनी इचारलंय." न्यूट म्हणजे काय, हे कुणी विचारलं की मात्र ते लगेच कापड फाडायला घेत.

नोंद चांगली होती. तुटलेला पाय पुन्हा उगवतो, हिवाळ्यात न्यूट दगडाखाली दडून बसतो, सगळं नीट लिहिलेलं. फक्त पुढच्या पायाला पाच बोटं लिहिली होती, आणि सोबतच्या चित्रातही पाचच. पुस्तकात चार होती.

कॉलेजच्या कपाटात एक न्यूट बरणीत होता, कधीकाळी दार्जिलिंगहून आणलेला. तिनं तो बाहेर काढला आणि फॉर्मॅलिन धुवायला टँकरच्या पाण्यातलं तांब्याभर पाणी मागितलं. प्रयोगशाळेतले शेषेराव मामा तांब्या देता देता म्हणाले, "बाई, मानसाला प्यायला न्हाई अन् तुम्ही पालीला आंघोळ घालून राहिल्या."

पुढं चार. मागं पाच. तिनं भिंगातून तीनदा मोजली.

मग ती चित्राकडे वळली, आणि तिथंच थबकली. शेपटी टोकाशी अचानक वर वळली होती. न्यूट अशी शेपटी वळवत नाही. ती वळवली होती शिवकांतानं, याच कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी. तेव्हा बरणी कुलुपात असायची आणि सगळी मुलं आदल्या वर्षीचं जर्नल खिडकीच्या काचेला लावून आकृत्या गिरवायची. तिनं एक वर्ष पुढं असलेल्या सिंधुताईचं जर्नल गिरवलं होतं. कागद सरकला, शेपटीला जागा उरली नाही, म्हणून तिनं ती वर वळवून दिली. पाच बोटं सिंधुताईकडून आली होती. तिच्याकडे कुणाकडून, देव जाणे. बिरादार सरांनी त्या पानावर 'उत्तम' असा शेरा मारला आणि पुढच्या पोरांना दाखवायला म्हणून जर्नलच ठेवून घेतलं. त्याचा तिला किती अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं नांदेडला गेली. सर निवृत्त होऊन तिथं राहत होते. त्यांनी आनंदानं बसवून घेतलं, चहा सांगितला आणि तिनं विचारायच्या आधीच सांगून टाकलं, की नोंद त्यांची होती आणि परीक्षक म्हणून तिचं नावही त्यांनीच सुचवलं होतं.

ती म्हणाली, "सर, पुढं चार बोटं असतात."

सर हसले. "तुटलेला पाय परत उगवतो, लिहिलंय ना मी? एखादं बोट जास्त उगवलं समज."

"चित्र माझं आहे, सर."

"तुझं कसं? विभागाचं आहे. तुला कुणी शिकवलं?" त्यांनी बशी तिच्याकडे सरकवली. "आपल्या मुलुखात हे जनावर बघितलंय कुणी? सही कर अन् धाडून दे."

सही न करताच ती उठली. निघताना पायाला हात लावावा की नाही, हे तिला कळेना. शेवटी लावला. परतीच्या बसमध्ये तिला त्याचीच जास्त चीड आली.

घरी आल्यावर तिनं परीक्षण लिहिलं. पुढच्या पायाला चार बोटं, नमुना पाहून मोजली आहेत. शेपटी चुकीची. हे चित्र एका विद्यार्थिनीच्या जर्नलमधलं आहे, ती विद्यार्थिनी मी; चूक माझी आहे, ती छापू नये. खाली पूर्ण नाव, आणि जिल्हा लातूर.

कचेरीकडून पोच आली. सरांकडून काहीच आलं नाही, पाडव्याचं कार्डसुद्धा नाही. माणिकप्पा अजून गिऱ्हाइकांना सांगतात, आणि ती त्यांना अडवत नाही.

सरांनी चित्र घेतलं, ते ती एखादवेळी विसरेलही. पण परीक्षक सुचवा म्हटल्यावर एवढ्या विद्यार्थ्यांतून सरांच्या तोंडी तिचंच नाव का आलं? हिला विषय कळतो म्हणून, की ही आपल्यापुढं तोंड उघडणार नाही म्हणून?