पाळण्याआधीची गोधडी

कवडूभाऊ ठवकरांचा जन्म इतवारीतल्या कापडाच्या दुकानात तागे उलगडण्यात अन् परत घड्या घालण्यात गेला. कापडाशी एवढं नातं, पण सुईशी मात्र उभा दावा. शर्टाचं बटण तुटलं की हा गृहस्थ सरळ शर्ट बदलायचा.

मग एक दिवस हातगाडीवरून उतरवताना कापडाचा जड गठ्ठा उजव्या मनगटावर पडला. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं अशी आखडलेली की चहाचा कप धरवेना. बोटांना बारीक काम द्या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. बायकोने, शामलाबाईंनी, तांदूळ निवडायला दिले, तर कवडूभाऊंनी खड्यांपेक्षा तांदूळच जास्त फेकले. शेवटी शेजारच्या पार्वतीबाईंनी जुनी लुगडी त्यांच्यापुढे आणून टाकली. "गोधडी शिवा, भाऊ. बोटं आपोआप मोकळी होते."

गोधडीत अवघड ते काय, असं कवडूभाऊंना वाटलं. आधी त्यांनी दुकानातलं कोरं, कडक कापड आत घातलं. सुई जाईना. "आत वापरलेलंच लागते, धुऊन धुऊन मऊ झालेलं," पार्वतीबाई म्हणाल्या. मग त्यांनी दोरा इतका ओढला की मधोमध पुरीसारखा फुगा आला. उसवा, परत शिवा. हात लांबवर फिरत नव्हता म्हणून गोधडी लहानच धरली होती. हळूहळू धावदोरा सरळ पडू लागला, अन् एका सकाळी कप हातातून सुटला नाही. माणूस लहान मुलासारखा हरखला.

"एवढीशी कोणासाठी शिवून राहिले जी?" शामलाबाईंनी कौतुकाने विचारलं.

"आपल्या रितिकाच्या बाळासाठी."

शामलाबाईंचा चेहरा उतरला. रितिका त्यांची सून. मागच्या वर्षी तिला दिवस गेले तेव्हा शामलाबाईंनी हौसेने पिवळं झबलं आणलं होतं, अन् पाचव्या महिन्यात सगळं संपलं. आता परत दिवस भरत आले होते. या खेपेला बाळ घरात येईपर्यंत त्याच्या नावाचा दोरासुद्धा आणायचा नाही, हा त्यांचा पण होता.

"मागचं इसरले काय तुमी? आधी काई करू नये!" म्हणत त्यांनी गोधडी सुईसकट उचलली अन् कपाटावर टाकली.

हे पार्वतीबाईंना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "अवो भाऊ, सुई अडकलेली अर्धी गोधडी घरात ठेवतेत काय? बाळंतपण अडते अशानं!"

झालं! शिवावी तर अपशकुन, ठेवावी तर अपशकुन. इकडे आड, तिकडे विहीर. हे सगळं थोतांड म्हणून झटकावं, तर कवडूभाऊंची जीभ उचलेना. त्यांच्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत म्हणून आईने या पोराला कवड्या देऊन सुइणीकडून विकत घेतल्यासारखं केलं होतं. नाव कवडू ते त्यामुळेच. थोतांड म्हणावं तर आपण त्याच थोतांडावर साठी गाठली, अन् खरं म्हणावं तर दोघींतली कोणती खरी? त्यांचं डोकं पार गरगरलं. सुई सुटली तशी बोटंही परत आखडू लागली. कपाटाकडे ते पाठ करून बसायचे.

बुधवारी शामलाबाई सक्करदऱ्याच्या बाजाराला गेल्या, तेव्हा रितिका पोट सावरत कवडूभाऊंच्या खोलीत आली.

"बाबा, ते खाली काढा."

"तुले कोणं सांगितलं?"

"घर केवढंसं आहे बाबा, सगळं ऐकू येते."

तिच्या मुठीत काहीतरी पिवळं होतं. ते झबलं. "आईंनी फेकून दे म्हटलं होतं. मी लपवून ठेवलं. हे आत घालता काय?"

कवडूभाऊंनी गोधडी खाली काढली. "पोरी, तुले भीती नाई वाटत?"

"वाटते नं. शिवलं तरी वाटते, नाई शिवलं तरी वाटते. पण या घरात त्या पहिल्याचं कोणी नावच काढत नाई, बाबा. जसं ते आलंच नव्हतं."

एवढे दिवस आपण शकुन-अपशकुनाचा काथ्याकूट केला, अन् जिच्यासाठी केला तिला एका शब्दाने विचारलं नाही, हे कवडूभाऊंना लागलं. फार लागलं. त्यांनी कड उसवली, झबलं आतल्या थरावर नीट पसरलं अन् वरून टाके घालायला घेतले. डोळे भरल्यामुळे टाके वाकडे पडत होते.

शामलाबाई पिशवी घेऊन दारात आल्या तेव्हा झबल्याची पिवळी बाही अजून झाकायची होती. त्यांनी ती ओळखली.

"कोणासाठी शिवून राहिले?" आवाज अगदी बारीक होता.

"दोघांसाठी," कवडूभाऊ म्हणाले.

शामलाबाईंनी पिशवी खाली ठेवली, त्या रितिकाजवळ बसल्या अन् गोधडीची दुसरी कड धरली. गोधडी पुरी करायची की थांबायचं, हे कवडूभाऊंना अजूनही कळलं नव्हतं. त्यांनी बायकोकडे बघितलं.

"दोरा ओढू नका," शामलाबाई म्हणाल्या, "फुगा येईल."